मागच्या गेटाचं वाक्य

काका डोळे मिटून ऐकायचे. पहिल्या शनिवारी मला वाटलं, झोपले. कॅन्टीनमागच्या प्रशिक्षणाच्या खोलीत पंख्याचा आवाज जास्त आणि वारा कमी, त्यात नुकतंच जेवण झालेलं; सकाळच्या पाळीचा सुपरवायझर अशा वेळी डोळे मिटतो म्हणजे दुसरं काय करणार? खात्री करायला मी मुद्दाम एक ओळ गाळली. डोळे न उघडता ते म्हणाले, "बाय, मधी कायतरी राहिलं." मी ओशाळून ती ओळ वाचली आणि पुढे गेले.

ते माझे सख्खे काका नव्हेत. ते शिरगावचे, वाडीवाले. मी माकुणसारची, आमचीही वाडी. म्हणजे पानवेली, केळी आणि पाण्याच्या पाळीवरून होणारी भांडणं दोन्ही घरांत सारखीच. पहिल्या भेटीत त्यांनी माझं गाव विचारलं, मग आजोळ विचारलं, आणि आजोळात त्यांचा एक साडू निघाला. तिथून पुढे मी 'मॅडम'ची 'बाय' झाले आणि ते 'सर'चे काका झाले. कारखान्यात त्यांचा दरारा होता. माझ्याशी मात्र ते आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसासारखे वागायचे, म्हणजे आधी जेवलीस का विचारायचे आणि मग चूक काढायचे.

मी काम करते ती कंपनी बोईसरला पाइप-फिटिंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. आम्ही आठ-नऊ जण कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. बनवणारे दुसरे, मी तपासणारी. आमच्याकडे तपासण्या साध्या मराठी वाक्यांत लिहितात. समजा असं असं आहे, जेव्हा तसं तसं होतं, तेव्हा अमुक दिसलं पाहिजे. प्रत्येक वाक्यामागे कोडचा एक छोटा तुकडा असतो, त्याला पायरी म्हणतात. रोज सकाळी संगणक ही वाक्यं वरून खाली वाचत जातो आणि प्रत्येकाची पायरी चालवून बघतो. जमलं तर वाक्य हिरवं होतं, फसलं तर लाल. पायरी लिहिलेलीच नसेल तर पिवळं. वाचणाऱ्याला कोड दिसत नाही. त्याला वाक्य दिसतं आणि वाक्याचा रंग दिसतो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर ज्याला कोड कळत नाही पण काम कळतं, अशा माणसाने ती वाक्यं वाचावीत आणि बरोबर की चूक ते सांगावं. प्रत्यक्षात कोणी वाचत नाही. साहेब लोक शेवटचं पान उघडून सही करतात आणि चहा मागवतात. मी तोवर पाच-सहा कारखान्यांची कामं केली होती आणि माझी वाक्यं मनापासून वाचणारा एक माणूस मला भेटला नव्हता. काकांनी तर ती मोठ्याने वाचून दाखवायला लावली.

"मला वाचाय येतं," ते म्हणाले होते, "पन कानावर पडल्याबिगर मला खरं वाटत नाय." त्यांच्या घरी श्रावणात पोथी लागते. एक जण वाचतो, घरातले आणि शेजारचे ऐकतात. वाचणाऱ्याने ओळ गाळायची नाही, मनाचं घालायचं नाही, अडखळला तर मागे येऊन पुन्हा वाचायचं. काका लहानपणापासून ऐकणाऱ्यांत बसलेले. माझी फाईल ते तशीच ऐकायचे, आणि मला त्याचं फार अप्रूप वाटायचं. आपण लिहिलेलं कुणीतरी असं ऐकतंय, या सुखाने मी शुक्रवारपासूनच शनिवारची वाट बघायची.

सॉफ्टवेअरला एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं. आत्ता, या घडीला, कारखान्याच्या आत कोण कोण आहे? रसायनांच्या कारखान्यात हा प्रश्न का विचारतात ते तारापूरच्या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भोंगा झाला की हातातलं टाकून ठरलेल्या मोकळ्या जागी जमायचं. तिथे मोजणी होते. जो मोजणीत नाही तो आत राहिला असं धरून त्याला शोधायला माणसं जातात.

तोवर ही मोजणी काकांच्या फळीवर व्हायची. गेटाशी एक लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांच्या रांगा. आत येताना आपला पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा, जाताना काढून न्यायचा. भोंगा झाला की काका फळी काढून काखेत मारायचे आणि जमण्याच्या जागी न्यायचे. तिथे ज्याने त्याने आपला बिल्ला उचलायचा. ज्याचा बिल्ला खिळ्यावर उरला तो आत. ड्रम धुण्याचं काम ठेकेदाराच्या बाया करायच्या, मासवण-मनोरच्या बाजूच्या, टेम्पोतून मागच्या गेटाने येणाऱ्या, पण बिल्ला याच फळीला अडकवणाऱ्या. त्यांतल्या काहींना आकडे वाचता येत नव्हते, म्हणून त्यांच्यासाठी काकांनी स्वतः लाल बिल्ले रंगवले होते आणि त्यांवर आकड्याऐवजी चित्रं काढली होती. कुणाची मासोळी, कुणाचं पान, कुणाचा चंद्र. चित्रं काही फार बरी नव्हती. मासोळी वांग्यासारखी दिसायची. मी तसं म्हटलं तर काका म्हणाले, "तिला कळते ना तिची? मंग झालं."

पाहणीला बाहेरचे लोक येणार होते आणि त्यांना खिळे ठोकलेली फळी दाखवायची कारखान्याच्या साहेबांना लाज वाटत होती, म्हणून आमचं सॉफ्टवेअर आलं. गेटावर कार्ड दाखवायचं, जमण्याच्या जागी टॅबवर यादी बघायची. काकांनी एकच अट घातली. सगळी वाक्यं ऐकणार, सगळी हिरवी झाली की फळी स्वतःच्या हाताने काढणार. एक जरी राहिलं तरी फळी राहणार.

त्यांनी मला किती वाक्यं दिली ते आता मोजवत नाही. घरी जायला कार्ड दाखवून बाहेर पडलेला माणूस डबा विसरला म्हणून परत आत पळतो, त्याचं काय? टँकरच्या ड्रायव्हरबरोबर क्लीनर येतो, त्याला कार्डच नाही, त्याचं काय? एक पाळी संपताना आणि दुसरी सुरू होताना दहा मिनिटं दोन्हीकडची माणसं आत असतात, त्यांचं काय? मी लिहून घ्यायची, त्यांच्याच शब्दांत. "समजा एक माणूस डबा विसरला आहे" असं वाक्य आमच्या फाईलमध्ये आजही आहे. ऑफिसमधली मुलं हसतात, आणि मी कुणाला त्याला हात लावू देत नाही.

मागच्या गेटाचं वाक्यही त्यांचंच. दुसऱ्या की तिसऱ्या शनिवारी त्यांनी मला मध्येच थांबवलं. "समद्यांचं झालं. त्या बायांचं कुठं हाय?" मी म्हटलं, त्या 'कामगार' या शब्दात आल्या. "नाय आल्या," ते म्हणाले. "त्यांची कार्डं ठेकेदाराची, गेट येगळं. त्यांचं येगळं लिव." मी वेगळं लिहिलं.

समजा ठेकेदाराची बाई मागच्या गेटाने आत आली आहे. जेव्हा भोंगा वाजतो, तेव्हा जमण्याच्या जागेच्या यादीत ती दिसली पाहिजे.

एकसष्ट वाक्यं झाली. ज्या शनिवारी शेवटचं वाचन ठरलं होतं, त्याच्या आदल्या दुपारी साठ हिरवी होती आणि हे एक पिवळं. मागच्या गेटावर बसवायचं यंत्र अजून आलंच नव्हतं, दोन आठवडे लागणार होते, आणि ते काय नोंद पाठवणार हे कळल्याशिवाय मला पायरी लिहिता येत नव्हती. आमचे सर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, उद्या सगळं हिरवं दिसलं पाहिजे, सोमवारी पाहणी आहे. त्यांनी खोटं करायला सांगितलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना माहीतही नव्हतं की असं करता येतं.

मला माहीत होतं. पायरी लिहायची आणि तिच्या पोटात काही घालायचं नाही. कंसांची एक जोडी आणि मध्ये काहीच नाही. जी काहीच तपासत नाही ती पायरी फसणार कशी? संगणक येतो, बघतो, काही अडलं नाही म्हणतो आणि वाक्य हिरवं करून पुढे जातो. वर मी एक टीप लिहिली: गेट आल्यावर भरणे. सगळं मिळून मिनिटभराचं काम. आमच्या धंद्यात हे सगळेच कधी ना कधी करतात, आणि मी ते करताना कुठलंही वाईट काम करतेय असं मला वाटलं नाही. मी त्यानंतर खाली जाऊन वडापाव खाल्ला.

वाक्य पिवळं राहू दिलं असतं तर काय झालं असतं? काकांनी फळी आणखी दोन आठवडे ठेवली असती. साहेब थोडे चिडले असते. एवढंच झालं असतं. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलंय की त्यातले शब्द आता मला लागतही नाहीत.

शनिवारी मी वाचत गेले आणि काका ऐकत गेले. मागच्या गेटाच्या वाक्याला त्यांनी हात वर केला. "ते परत वाच." मी परत वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही, कारण दोन आठवड्यांत मी ती पायरी भरणारच होते. त्यांनी डोळे उघडून पडद्याकडे पाहिलं. एकसष्ट हिरव्या ओळी. "बरं," ते म्हणाले, आणि उठून गेटाशी जाऊन फळी स्वतःच्या हाताने काढली. फळी भंगारात गेली. बायांचे लाल बिल्ले मात्र त्यांनी भंगारात टाकू दिले नाहीत, जिचा तिला वाटून टाकले. सही करताना मला म्हणाले, "तू वाचलंस, मी आयकलं. आता माझी काय हरकत नाय."

यंत्र आलं त्या आठवड्यात मी बहिणीच्या लग्नाला रजेवर होते. ऑफिसातल्या दुसऱ्या मुलाने ते जोडलं, सगळ्या तपासण्या चालवल्या, सगळं हिरवं आलं, त्याने काम संपल्याची खूण केली. माझी टीप कोणी वाचली नाही. परत आल्यावर मीही वाचली नाही. हाताला मेंदी होती, टेबलावर दुसऱ्या कारखान्याचं काम येऊन पडलं होतं, आणि हिरवी ओळ कोण उघडून बघतं?

दीडेक वर्ष ते वाक्य रोज सकाळी हिरवं होत राहिलं. नवीन आलेल्या मुलांना शिकवायला मी हीच फाईल वापरायची. तपासणी कशी लिहावी, कामाच्या माणसाला कसं सोबत घ्यावं, त्याचे शब्द कसे जपावेत, यावर मी चांगलं अर्धा तास बोलायची. मागच्या गेटाचं वाक्य मी पडद्यावर मोठं करून दाखवायची. ती मुलं वहीत लिहून घ्यायची.

मग थंडीतल्या एका दुपारी तिथे पाइपचा एक सांधा गळून वायू सुटला. मोठं काही नव्हतं, तासाभरात आटोक्यात आलं. भोंगा झाला, सगळे जमण्याच्या जागी आले, कार्डं दाखवली. काकांच्या हातातल्या टॅबवर नावं एकेक करून गेली आणि शेवटी अक्षरं आली: आत कोणीही नाही. तेवढ्यात ठेकेदाराच्या बायांतली एक म्हणाली, आमची एक नाय. सुरक्षेचा अधिकारी शेजारीच होता, त्याने टॅबकडे बोट दाखवलं. काकांनी टॅब बघितला. बायांकडे बघितलं. परत टॅब बघितला.

हे मला नंतर चार जणांनी सांगितलं आणि चौघांनीही हे परत बघणं सांगितलं. तिथे किती वेळ गेला यावर त्यांचं एकमत नाही. कोणी पाच मिनिटं म्हणतो, कोणी दहा. फळी असती तर लाल मासोळी खिळ्यावर लटकलेली सगळ्यांना दिसली असती आणि बघत उभं राहायची वेळच आली नसती.

शेवटी काकांनी टॅब खाली ठेवला, टॉवेल ओला करून तोंडाला बांधला आणि कुणाला न विचारता आत गेले. ड्रम धुण्याच्या शेडमध्ये ती भिंतीला टेकून बसलेली होती. भोंगा झाल्यावर उठायला गेली आणि चक्कर येऊन तिथेच बसली, असं तिने पुढे सांगितलं. काकांनी तिला ओढत दारापर्यंत आणलं, तिथून दोघांनी उचललं. ती वाचली. बरेच दिवस दवाखान्यात होती, आणि छातीत जे व्हायचं ते झालं. काकांना खोकला लागला, तोही मग गेलाच नाही.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. कळलं त्या क्षणी मला आठवलं असं म्हणायला मला आवडेल, पण नाही आठवलं. मी फाईल उघडली ती आमचं काही चुकलेलं नाही हे दाखवायला. मोठ्या तोऱ्यात सरांना म्हणाले, बघा, वाक्य आहे, हिरवं आहे. मग त्याच्या मागची पायरी उघडली. कंसांची जोडी. गेट आल्यावर भरणे.

मी तिथेच बसून ती पायरी भरली. दहा ओळी. वाक्य चालवलं आणि ते लाल झालं. मागच्या गेटाच्या नोंदी भलत्याच यादीत जात होत्या. दीड वर्ष त्या बाया रोज आत जात होत्या आणि आमच्या हिशेबी कारखान्यात त्या कधी आल्याच नव्हत्या. मूळ चूक दुरुस्त करायला अर्धा तास लागला. वाक्य पुन्हा चालवलं. हिरवं झालं, या वेळी खरंखुरं, आणि मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

सर म्हणाले, "चूक सापडली, दुरुस्त केली, कारखान्याला एवढंच लिही. रिकामी पायरी वगैरे लिहायची गरज नाही." तेही घाबरले होते. आमच्या आठ-नऊ जणांची घरं त्या कंपनीवर चालतात. मी लिहिलं: त्रुटी दुरुस्त केली. दोनच शब्द जास्त लिहिले असते तर काकांवर काही आलं नसतं, हे मला तेव्हा कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

चौकशी झाली. तोंडी मोजणी केली नाही आणि मास्क न लावता आत गेला, असे दोन ठपके काकांवर आले. निवृत्तीला चार महिने होते. त्यांना घरी बसवलं. पाळी सुटताना एखाद्याला निरोप देतात, शाल असते, नारळ असतो, कुणीतरी दोन शब्द बोलतो. काकांच्या वेळी त्यातलं काही झालं नाही. सायकल घेऊन गेटातून बाहेर पडले, कार्ड दाखवून.

मी शिरगावला जायला तीन आठवडे लावले. दोनदा पालघरच्या चार रस्त्यापर्यंत स्कूटी नेली आणि परत फिरवली. एकदा तर मी स्वतःला सांगितलं की आज अमावास्या आहे, आज कुठे जायचं. मी अमावास्या कधीपासून मानायला लागले? तिसऱ्या वेळी पिशवीत त्यांच्या सहीचे जुने कागद घातले आणि न थांबता गेले.

काका वाडीत पानं खुडत होते. मला बघून हात पुसले. "जेवलीस का?" काकींनी ओट्यावर चटई घातली, पाणी आणलं, माझ्याकडे जरा जास्तच बघितलं आणि आत गेल्या. मी कागद काढले. ते म्हणाले, "वाचाय आणलंस? वाच मंग." आणि डोळे मिटले.

मी वाचायला लागले. डबा विसरलेला माणूस झाला, क्लीनर झाला. मध्ये ते खोकायचे, मी थांबायची. मागच्या गेटाचं वाक्य आलं, मी ते वाचलं आणि पुढचं वाचता येईना.

"काका, मी हे तेव्हा वाचलं, तेव्हा त्याच्यामागे काही नव्हतं."

"म्हंजे?"

"वाक्य होतं. तपासत कोणी नव्हतं. मी नंतर भरणार होते, आणि विसरले."

त्यांनी डोळे उघडले. "पन हिरवं होतं."

"हिरवं मी केलं होतं."

त्यांनी एकदम साधा प्रश्न विचारला, चूक कुठे झाली ते शोधताना विचारतात तसा. "मी परत वाचाय लावलं होतं ना ते?"

"हो."

"आनि तू परत वाचलंस."

"हो, काका."

मी त्यांच्या पायाशी वाकायला गेले, त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नव्हे. गडबडीने, आपल्याला हे नको आहे अशा रीतीने. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी घरी जाऊन जेवले असते. "मला वाटत होतं, माज्या कानानं काय तरी सोडलं," ते म्हणाले. "तीन आठवडे मी तेच आठवतोय. कंचं वाक्य मी नीट आयकलं नाय." मग खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाले, "त्या बाईला सांगितलंस?"

"नाही."

"मंग मला काय सांगतेस? तिला जाऊन सांग." आणि उठून वाडीत गेले. काकी बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि आमच्या बाजूला हे किती मोठं असतं ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी मी सगळं लिहून काढलं, रिकाम्या पायरीसकट, आणि कारखान्याला दिलं. उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे. सर माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलले. नोकरी राहिली. ती गेली असती तर बरं वाटलं असतं, असा विचार मी अधूनमधून करते आणि मग त्या विचाराचीही लाज वाटते.

मासवणला मी रविवारी गेले. सूर्या नदी ओलांडून, मग विचारत विचारत चढावरच्या चार घरांपाशी. ती माझ्यापेक्षा लहान निघाली. पंचविशीची असेल. अंगणात सूप घेऊन बसली होती, दोन-चार वेळा पाखडलं की थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा पाखडायची. दाराच्या कडीला दोऱ्यात लाल बिल्ला लटकत होता. वांग्यासारखी मासोळी.

मी कंपनीतून आले म्हटल्यावर तिची सासू बाहेर येऊन उभी राहिली. मी सांगायला सुरुवात केली आणि माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे शब्द नाहीत. सॉफ्टवेअर, तपासणी, पायरी, यांतलं तिला काय सांगू? दहा वर्षं मी साधं मराठी लिहायची फुशारकी मारते. शेवटी पिशवीतून कागद काढला आणि ते एक वाक्य वाचलं. ठेकेदाराची बाई मागच्या गेटाने आत आली आहे. भोंगा वाजतो. तेव्हा यादीत ती दिसली पाहिजे.

ती सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. "ही मी?" तिने विचारलं.

"हो. तुम्हीच. तुमच्यासारख्या सगळ्या. हे बघायचं काम माझं होतं. मी न बघताच बघितलं म्हणून सांगितलं. म्हणून तुम्ही यादीत दिसला नाहीत आणि काकांना वाटलं आत कोणी नाही."

सासूला आधी कळलं. ती काहीतरी पुटपुटली आणि घरात गेली. सून मात्र कागदाकडे बघत राहिली. तिने तो हातात मागितला, उलटा धरला, परत दिला. काकांच्या खोकल्याची चौकशी केली. "त्या बाबानं माजी मासोळी काढली होती," म्हणाली. मग थोडं थांबून, श्वास घेऊन विचारलं, "मंग आता केलं काय नीट?"

"केलं. आता रोज बघते. आधी मुद्दाम मोडून बघते, लाल होतं का ते बघते, मगच हिरवं खरं मानते."

"म्हंजे आता मी दिसेन?"

"हो. आता दिसाल."

"पन आता मी जात नाय ना कामाला," ती म्हणाली. तक्रार नव्हती त्यात. माझ्या हिशेबात राहून गेलेली गोष्ट तिने मला सांगितली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

मी कागदाची घडी करून पिशवीत ठेवली आणि उठले. काकांना मी त्यानंतर भेटलेले नाही. फोन केला की काकी उचलतात आणि ते वाडीत आहेत म्हणतात. फाईल अजून माझ्याकडेच आहे. रोज सकाळी सव्वानऊला ती चालते, आणि रोज सकाळी ती बाई मागच्या गेटाने आत येते, भोंगा वाजतो, आणि ती यादीत दिसते.